कुठे उतरलात? मालवण किनाऱ्यावरच्या वाटा आणि मुक्काम



आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. गावात पाहुणा आला की आपण विचारतो, "कुठे उतरलात?" विचारायचं असतं मुक्कामाबद्दल, पण क्रियापद वापरतो प्रवासाचं. मराठीत माणूस होडीतून उतरतो, गाडीतून उतरतो आणि रात्रीपुरता कुणाच्या तरी घरीही 'उतरतो'. प्रवासी म्हणजे उतारू. पाहुण्याच्या राहण्याच्या सोयीला जुन्या मराठीत उतारा म्हणत. आणि नदी जिथे पायी ओलांडता येते, तिथे पाण्याला उतार आहे असं म्हणतात. ओलांडणं, उतरणं आणि राहणं या तिन्ही गोष्टी एकाच शब्दाच्या घरात नांदतात.

शब्दावरून इतिहास सिद्ध होत नाही, हे आधीच सांगतो. पण शब्दावरून प्रश्न मात्र मिळतो, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्याला सुरुवातीला तोच हवा असतो. प्रश्न असा: माणसं कुठे मुक्काम करतात हे ती कशाने प्रवास करतात यावरून ठरतं का? आणि प्रवासाचं साधन बदललं की 'जवळचं गाव' आणि 'लांबचं गाव' यांची अदलाबदल होते का?

मी स्वतः इतिहासाचा विद्यार्थी नाही. विज्ञानातून आलो, आणि माझं काम खाडीच्या मुखाशी हलणाऱ्या वाळूशी आहे. पण भरती-ओहोटीच्या, पाण्याच्या खोलीच्या जुन्या नोंदी शोधायला लागलात की एक गोष्ट लगेच खटकते. नोंदी बंदरांजवळ दाटीने असतात आणि मधल्या किनाऱ्यावर विरळ. निसर्ग तिथे कमी घडत होता म्हणून नव्हे; मोजणारा माणूस जिथे उतरू शकत होता, तिथेच त्याने मोजलं म्हणून. म्हणजे प्रवासाचा इतिहास आपल्या आकडेवारीच्या आतच शिरलेला असतो. म्हणून हा लेख.

आधी एक कालव्यांचं शहर

व्हेनिसचं उदाहरण घेऊ, कारण ते सगळ्यांना चित्रातून तरी ओळखीचं असतं. तिथे गल्लीबोळ आहेत, चालायला पूल आहेत, पण सामान घेऊन राहायला जाणारा माणूस आधी विचारतो की बोटीचा थांबा कोणता. शतकानुशतकं या शहराचं दर्शनी दार समुद्राच्या बाजूला होतं. जहाजातून येणारा माणूस सेंट मार्कच्या चौकासमोरच्या धक्क्यावर उतरायचा. १८४६ साली मुख्य भूमीवरून रेल्वेचा पूल आला आणि १९३३ साली मोटारींचा. त्यानंतर शहरात येणारी बहुतेक माणसं वायव्येकडून, म्हणजे पूर्वीच्या परसदारातून येऊ लागली. इमारती त्याच, कालवे तेच, पण पुढचं दार मागे गेलं. आज स्टेशनच्या आसपास राहायचं की जुन्या चौकाजवळ, हा प्रवाशाचा प्रश्न या दोन पुलांनी तयार केलेला आहे.

ही 'दार सरकण्याची' कल्पना लक्षात ठेवा आणि आता सिंधुदुर्गचा नकाशा उघडा.

नकाशा वाचूया

उत्तरेकडून खाली या. विजयदुर्गची वाघोटण खाडी, देवगडची खाडी, आचऱ्याची खाडी, गड नदीची कालावल खाडी, मालवणजवळ कोळंब, मग देवबागला समुद्राला मिळणारी कर्ली, आणि शेवटी गोव्याच्या हद्दीवर तेरेखोल. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला पोचतात आणि शेवटच्या टप्प्यात रुंद होतात. व्हेनिसचे कालवे माणसांनी बांधून-खोदून आकाराला आणले. आपल्या खाड्या नदीने आणि समुद्राने कोरल्या. पण रोजच्या जगण्यात दोन्हीकडे प्रश्न एकच: पाणी आडवं आलं की तो अडथळा, की रस्ता?

उत्तर तुम्ही कुठल्या दिशेने जाताय यावर आहे. किनाऱ्याला समांतर, म्हणजे देवगडहून वेंगुर्ल्याला चालत जायचं असेल तर प्रत्येक खाडी अडथळा. किनाऱ्यावरून आत, घाटाकडे जायचं असेल तर तीच खाडी रस्ता. बैलगाडीपेक्षा होडीत जास्त माल मावतो, आणि भरतीचं पाणी आत ढकलायला फुकट मदत करतं.

एक प्रयोग करून बघा. देवबागच्या टोकावरून कर्लीच्या पलीकडचं चिपी मोजा. हवाई अंतर काही किलोमीटर. आता तेच अंतर रस्त्याने मोजा: तारकर्ली, मालवण, मग आत वळून नेरूरपारच्या पुलावरून कर्ली ओलांडायची आणि पुन्हा परुळ्याकडे किनाऱ्याला यायचं. आकडा कितीतरी पट होतो. होडीवाल्याचा नकाशा आणि मोटारवाल्याचा नकाशा हे दोन वेगळे नकाशे आहेत. नेरूरपार या नावातला 'पार'सुद्धा कान टवकारायला लावतो. पण स्थलनाम हे उत्तर नसतं, तोही प्रश्नच असतो. नावावरून निष्कर्ष काढायची घाई करू नका.

वेळापत्रक तिथीचं

पाण्याच्या रस्त्याला वेळापत्रक असतं आणि ते चंद्र ठरवतो. कोकणात भरतीची वेळ काढायचा एक ठोकळ हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या आसपास सुकती. तृतीयेला सव्वादोन. पंधराव्या तिथीला सव्वाअकरा. मग पुन्हा प्रतिपदेपासून पाऊण.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा हिशोब तपासून पाहण्यासारखा आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पंधरा तिथींत ती घड्याळात बारा तास सरकायला हवी. पाऊणपटीने ती सव्वाअकरा तासच सरकते, म्हणजे पाऊण तासाची तूट येते. आता अमावास्येकडून प्रतिपदेकडे जा: सव्वाअकराची वेळ एकदम पाऊणवर येते, म्हणजे दीड तासाची उडी. नेहमीची पाऊण तासाची सरक सोडली तर पाऊण तास जास्त. जेवढी तूट, तेवढीच भरपाई! दर पंधरवड्याला स्वतःची चूक शून्यावर आणणारं हे गणित तोंडी करता येतं, आणि त्यासाठी घड्याळ लागत नाही, पंचांग पुरतं. जागेनुसार त्यात कमीजास्त होतंच. पण होडी कधी सोडायची एवढं ठरवायला ते पुरेसं आहे.

आता याचा मुक्कामाशी संबंध बघा. भरतीबरोबर आत जायचं, ओहोटीबरोबर बाहेर यायचं. भरती चुकली तर पुढच्या भरतीची वाट बघायची, आणि ती साधारण साडेबारा तासांनी येते. म्हणजे एक वेळ चुकली की एक रात्र. खाडीकाठच्या मुक्कामाचं वेळापत्रकही पाण्याच्याच हातात होतं.

खाडीच्या माथ्यावरचा मुक्काम

भरतीचं पाणी होडीला जिथवर नेतं, त्याच्या पुढे माल बैलाच्या किंवा माणसाच्या पाठीवर जातो. साधन बदलायचं म्हणजे थांबायचं, माल उतरवायचा, जकात भरायची, झोपायचं. म्हणून खाडीच्या माथ्यावर गावं मोठी होतात. याचं नमुनेदार उदाहरण खारेपाटण. विजयदुर्गच्या मुखापासून खाडीने तीस-चाळीस किलोमीटर आत, घाटाच्या वाटेवर.

इथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. तो देवस्थानाला दिलेल्या दानाचा लेख आहे आणि त्यात द्वीपांतराहून येणाऱ्या जहाजांवरच्या सोन्याच्या नाण्यांतल्या आकारणीचा उल्लेख येतो. आज मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना खारेपाटण आपल्याला समुद्रापासून लांबचं, रस्त्यावरचं गाव वाटतं. हजार वर्षांपूर्वीच्या नकाशात त्याचं नातं जहाजांशी होतं. गाव हललं नाही. त्याच्याकडे येण्याची दिशा बदलली.

आगबोटीचं दार

एकोणिसाव्या शतकात वाफेवरच्या बोटी किनाऱ्यावर नियमित धावू लागल्या. बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन आणि इतर कंपन्यांच्या आगबोटी मुंबईहून निघून कोकणची बंदरं घेत गोव्याकडे जात. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही या जिल्ह्याची त्या वेळची दारं. दक्षिण कोकणातून गिरण्यांत कामाला गेलेला माणूस याच दारातून बाहेर पडला आणि गणपतीला, शिमग्याला, लग्नाला याच दारातून परत आला.

मालवणला आगबोट धक्क्याला लागत नसे. किनाऱ्याजवळ खडक आहेत. मोठी बोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि पडाव तिथे जाऊन उतारूंना किनाऱ्यावर आणायचे. म्हणजे एका प्रवासात दोनदा उतरणं: आधी आगबोटीतून पडावात, मग पडावातून वाळूवर. सामान, पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळं हलत्या पाण्यावर एका बोटीतून दुसऱ्या बोटीत. 'बोट लागणं' हा वाक्प्रचार त्या पिढीच्या तोंडात बसला तो उगाच नाही.

आणि हे दार वर्षभर उघडं नसायचं. पावसाळ्यात किनाऱ्यावरची लांब पल्ल्याची वाहतूक बंद असे आणि समुद्र शांत झाला की हंगाम पुन्हा सुरू. मुंबईजवळच्या छोट्या पल्ल्याच्या फेऱ्या मात्र पावसातही चालत. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती बोट मालवणची नव्हती, पण समुद्राचं दार म्हणजे काय जोखीम होती ते या घटनेवरून समजतं. पाण्याच्या रस्त्याबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी ही तारीख टेबलासमोर चिकटवून ठेवावी.

प्रवासाची दुसरी बाजू मुंबईत. तिथे उतरायचं कुठे? गिरणगावात एका गावची माणसं मिळून खोली घेत, पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खानावळीत जात. मुक्कामाची निवड भाड्यावरून जितकी ठरत होती, तितकीच गावाच्या नावावरूनही. बंदरातून निघालेली वाट गावाला शहरातल्या एका खोलीत घेऊन जायची.

वेंगुर्ल्याचा धडा

दार कसं सरकतं याचं स्वच्छ उदाहरण वेंगुर्ला. सतराव्या शतकात इथे डचांची वखार होती. पुढे इंग्रजी अमलात आंबोलीच्या घाटाने बेळगावला रस्ता झाला आणि वेंगुर्ला हे घाटावरच्या मोठ्या प्रदेशाचं बंदर बनलं. माल आणि माणसं दोन्ही इथे थांबत.

मग १८८० च्या दशकाच्या अखेरीस घाटावरची रेल्वे गोव्यातल्या मुरगाव बंदराला जोडली गेली. वेंगुर्ल्यात काहीही मोडलं नाही. समुद्र तोच, रस्ता तोच. पण घाटावरच्या व्यापाऱ्याला दुसरीकडे स्वस्त आणि सोपी वाट मिळाली आणि वेंगुर्ल्याची ती जागा गेली. तुम्ही जर फक्त वेंगुर्ल्याचे कागद वाचत बसलात, तर व्यापार का घटला याचं कारण वेंगुर्ल्यातच शोधत राहाल. ते कारण दुसऱ्याच राज्यात, दुसऱ्याच बंदरात होतं. एखाद्या ठिकाणचा इतिहास लिहिताना शेजारच्या ठिकाणचं वेळापत्रक वाचायला विसरू नका.

कुणाला उतरू देत होते?

मुक्कामाचा इतिहास लिहिताना एक प्रश्न टाळणं सोपं असतं. धर्मशाळा होती, देऊळ होतं, ओळखीच्या घरची पडवी होती, साहेबासाठी बंगला होता. पण या जागा कुणाला उघड्या होत्या?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्यातला 'धर्मशाळा' हा शब्द थांबून वाचा. ज्या गोष्टीसाठी ठराव करावा लागतो, ती तोवर मिळत नव्हती. म्हणजे एखाद्या बंदरात धर्मशाळा होती एवढी नोंद सापडली म्हणून 'प्रवाशांची सोय होती' असं लिहून मोकळं होता येणार नाही. कोणत्या प्रवाशाची, हे विचारावं लागेल. बोट चुकलेल्या दोन माणसांची एकाच बंदरातली ती रात्र सारखी नव्हती.

इथेच साधनांचा पक्षपात कळतो. १८८० साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा आहे. रस्ते, तरी, बंदरं, विश्रामगृहं यांची माहिती त्यात मिळते आणि तिथून सुरुवात करणं योग्यच. पण सरकार तेच नोंदवतं जे ते बांधतं, ज्यावर कर घेतं किंवा ज्याचा लिलाव करतं. सरकारी तरींचा ठेका दिला जाई, दर ठरत, म्हणून तर कागदावर येते. उलट कुणाच्या ओटीवर काढलेली रात्र, शेजाऱ्याच्या होडीने खाडी ओलांडणं, याची पावती कुठेच फाटत नाही. कागदावर नसलेला प्रवास झालाच नाही असं धरलंत, तर तुमच्या इतिहासात फक्त साहेब आणि ठेकेदार फिरताना दिसतील.

दार आत सरकलं

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्त्याने पाण्यावर मात केली. एसटी गावोगाव पोचली, मुंबई-गोवा महामार्ग मुख्य वाट झाला, आगबोट गेली. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला, आणि त्याचं मुख्यालय ना मालवणला राहिलं ना वेंगुर्ल्याला. ते महामार्गालगत ओरोसला वसलं. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. स्थानकं कोणती? वैभववाडी, कणकवली, सिंधुदुर्गनगरी, कुडाळ, झाराप, सावंतवाडी. या यादीत एकही जुनं बंदर नाही.

हा कुणाचा डाव नव्हे, भूगोल आहे. समुद्राजवळ खाड्या रुंद. तिथे पूल लांब आणि महाग. आत गेलं की नद्या अरुंद. त्यामुळे महामार्ग आणि रेल्वे दोन्ही आतून गेल्या. किनाऱ्यालगतचा रेवस ते रेडी सागरी मार्ग अनेक दशकं चर्चेत आहे आणि अजून सलग पुरा झालेला नाही, त्यातली मुख्य अडचणही मोठ्या खाड्याच. एका काळी कणकवलीचा माणूस जगाकडे जायला बंदर गाठत असे. आता मालवणचा माणूस रेल्वे पकडायला कणकवली किंवा कुडाळ गाठतो. व्हेनिसमध्ये झालं तेच: पुढचं दार मागे गेलं.

पूल झाला की तर थांबते. दवाखाना, कॉलेज, बाजार जवळ येतो आणि रात्री-अपरात्री कुणाला होडीवाल्याला हाका माराव्या लागत नाहीत. हे चांगलंच आहे. पण त्याबरोबर खाडीच्या दोन काठांचं जुनं शेजारपणही सैल होतं. समोरचं गाव पूर्वी पाच मिनिटांवर होतं. आता ते पुलावरून वळसा घालून असतं.

आणि शेवटच्या टोकाला गर्दी

आता सगळ्यात विचित्र वळण. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं तारकर्लीचं निवासस्थान, कर्लीतल्या हाऊसबोटी, निवास न्याहारी योजना, यांतून किनाऱ्यावरच्या घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. आणि रस्त्याच्या हिशोबाने जे टोक सर्वात लांब, ते देवबाग सर्वांना हवंसं झालं.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली आणि मध्ये वाळूची अरुंद जीभ. नारळ, गाबीत मच्छीमारांची वस्ती, एकच मुख्य रस्ता. पर्यटकाला आवडतं तेच: दोन्हीकडे पाणी. पण माझ्या विषयाच्या बाजूने पाहिलं तर अशी जीभ ही लाटा, प्रवाह आणि नदीने आणलेला गाळ यांच्या रोजच्या हिशोबावर उभी असते. जमा कमी आणि खर्च जास्त झाला की ती झिजते. देवबागच्या लोकांना हे शिकवायला कुणी जायची गरज नाही. उधाणाचं पाणी आणि धूपप्रतिबंधक बंधारा हे तिथले दरवर्षीचे विषय आहेत. मे २०२१ मधलं तौक्ते वादळही त्यांनी अंगावर घेतलं.

म्हणजे झालं असं: दार सरकत सरकत शेवटी जिथे आलं, ती जमीन सगळ्यात कमी स्थिर आहे. होडी आणि जाळं हलवता येतं. बँकेच्या कर्जातून बांधलेल्या चार खोल्या हलवता येत नाहीत. पूर्वी समुद्र पुढे आला तर माड जायचा. आता एका कुटुंबाची पुढच्या दहा वर्षांची मिळकत जाऊ शकते. हे लिहिताना 'लोकांनी तिथे बांधायला नको होतं' असं म्हणणं सोपं आहे. पण रेल्वेने, महामार्गाने ज्यांना बाजूला टाकलं होतं, त्यांच्याकडे पहिल्यांदाच दार आलं होतं. ते कुणी बंद केलं असतं?

तुम्ही क्षेत्रकामाला जाणार असाल तर

आता कामाचं बोलू. या किनाऱ्यावर किंवा अशा कुठल्याही खाडीच्या मुलखात अभ्यासाला जाणार असाल तर मुक्काम निवडताना एवढं ध्यानात ठेवा.

पहिलं, खाडीचा कुठला काठ ते आधी ठरवा. नकाशावर समोरासमोर दिसणारी दोन गावं एका दिवसात होतील असं गृहीत धरू नका. मालवणात राहिलात तर तारकर्ली-देवबाग सोयीचं; कर्लीच्या दक्षिणेचं भोगवे, निवती, परुळे करायचं असेल तर त्या काठाला राहिलेलं बरं.

दुसरं, तिथीनुसार दिवस आखा. वाळूचे दांडे, खडक, खाजण बघायचं असेल तर उधाणाच्या दिवसांची सुकती गाठा. अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणजे सुकती सकाळी आणि संध्याकाळी. दुपारचं ऊनही टळतं.

तिसरं, पावसाळ्यात किल्ल्याच्या आणि पर्यटनाच्या होड्या बंद असतात. पण फक्त हिवाळ्यात गेलात तर तुमच्या वहीत हिवाळ्याचाच किनारा येईल. पावसातला एक तरी मुक्काम करा, काठावरूनच.

चौथं, पाहुण्यांसाठीच्या खोलीत राहिलात तर घरमालकाला गिऱ्हाइकासारखे प्रश्न विचारू नका. त्यांच्या आईवडिलांच्या वेळी बाजाराला कुठल्या वाटेने जायचे, लेकी कुठल्या गावांत दिल्या होत्या, ते विचारा. सोयरिकीच्या वाटा अनेकदा होडीच्या वाटांवरून जातात. नकाशावरून पुसलेली तर लग्नाच्या यादीत सापडू शकते.

आणि पाचवं, प्रबंधात 'दुर्गम' हा शब्द लिहिण्याआधी थांबा. कुठून दुर्गम? कुठल्या साधनाने? कुठल्या साली? देवबाग रस्त्याने टोकाला आहे, पाण्याने संगमावर आहे. तुम्ही फक्त रस्त्याचं अंतर घेऊन नकाशा रंगवलात, तर पूल, जेट्टी, बंधारा यांचा निर्णय घेणाऱ्यासमोर तोच नकाशा जाईल आणि तिथल्या माणसाचं गाव एका रंगात 'मागास' ठरेल. हा शब्दाचा कीस नाही. त्यावर पैसे कुठे जायचे ते ठरतं.

या आठवड्यासाठी गृहपाठ देतो. तुमच्या तालुक्यातली पाच गावं घ्या आणि त्यांच्यामधलं अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, वेळेत लिहा. एकदा आजच्या साधनांनी, एकदा आजी-आजोबांच्या तरुणपणातल्या साधनांनी. दोन तक्ते शेजारी ठेवा. कुठलं गाव जवळ आलं आणि कुठलं लांब गेलं ते बघा. जे लांब गेलं, तिथे आधी जा. आणि तिथे पोचल्यावर कुणी विचारलं, "कुठे उतरलात?", तर उत्तर देऊन झाल्यावर त्यांनाही विचारा, "पूर्वी इथे पाहुणे कुठे उतरत?"